जाम : प्रवास न करणारे फळ

गडहिंग्लजहून आजऱ्यामार्गे आंबोली घाट उतरले की कोकण लागते. तेथील परसात उन्हाळ्यात घंटेच्या आकाराची, पांढरी वा गुलाबी फळे लगडलेले झाड आढळते. तो जाम. याचाच भाऊबंद असलेला गुलाबजाम गोलसर असतो. त्याला गुलाबाचा सुवास येतो आणि हलविल्यास आतील सुटी बी खुळखुळते. दोन्ही वृक्ष मूळचे आग्नेय आशियातील. जांभूळ आणि लवंग त्यांच्याच कुळातील.

जामाची साल अतिशय पातळ आणि गर पाणीदार असतो. किंचित धक्क्यानेही तो डागाळतो व थोड्याच दिवसांत नासतो. म्हणून दूरच्या बाजारपेठेस तो मानवत नाही. जे फळ प्रवास करीत नाही, त्याची ओळख मुलांना करून द्यावयाची तर झाडच दारी आणावे लागते.

जामाची लागवड गुटी कलमाने होते. त्याला ओलावा हवा. शाळेतील हात धुण्याच्या पाण्याचा ओघ त्याकडे वळविता येईल. मात्र रोपांची खरी कसोटी मे महिन्यात लागते आणि तेव्हा शाळेला सुटी असते. त्या दिवसांत पाणी कोणी घालावयाचे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी खड्डा खणण्यापूर्वीच ठरवावे.