बारा चित्रांची शिस्त

साधनें विपुल असलीं म्हणजे कला लवकर साधते, असा समज सर्वत्र आढळतो. आज खिशांतल्या यंत्रानें शेंकडों चित्रें घेतां येतात आणि तीं तत्क्षणीं पाहतांही येतात. मग फिल्मवर काम करून तरुण छायाचित्रकार काय शिकत असे? याचें उत्तर होमाई व्यारावाला यांच्या चरित्रांत सांपडतें.

होमाईबाईंचा जन्म १९१३ सालीं नवसारीस एका पारशी कुटुंबांत झाला. शिक्षण मुंबईस, जे. जे. कलाशाळेंत. छायाचित्रणाचे पहिले धडे दिले माणेकशा व्यारावाला यांनीं. पुढें त्यांच्याशींच विवाह झाला. रेषा, तोल आणि छायाप्रकाश यांचे संस्कार कलाशाळेंत झाले. मुंबईंतील लोकजीवन आणि सहाध्यायिनी हे आरंभींचे विषय.

त्यांच्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यांत एका फिल्मवर अवघीं १२ चित्रें येत. मान खालीं घालून वरच्या काचेंत पाहावयाचें. तेथें डावें तें उजवें दिसावयाचें. चित्र कसें उतरलें, हें अंधाऱ्या खोलींत फिल्म धुऊन निघेपर्यंत कळत नसे. म्हणून कळ दाबण्यापूर्वींच चित्र मनांत पुरें करावें लागे. कोठें उभें राहावें, किती थांबावें, काय सोडून द्यावें, हें सारें या सक्तीनेंच शिकविलें.

दुसरी परीक्षा याहून कठीण होती. त्यांचीं आरंभींचीं चित्रें माणेकशांच्या नांवानें छापलीं गेलीं. स्त्रीच्या नांवास त्या काळीं या धंद्यांत पत नव्हती. कष्ट आपले आणि नांव दुसऱ्याचें, हें कोणास रुचेल? तरीही त्यांनीं काम सोडलें नाहीं आणि त्यांची दृष्टि घडत राहिली. १९४२ सालीं त्या दिल्लीस गेल्या. १९४७ चें सत्तांतर आणि १९४८ सालची गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनीं टिपली, तेव्हां ही मुंबईची शिस्तच कामीं आली. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. २०१२ सालीं त्या निवर्तल्या.

नव्या यंत्राशीं माझें वैर नाहीं. मात्र आपल्या घरच्या मुलामुलींना एक प्रयोग सुचवून पाहा: दिवसभरांत १२ च चित्रें घ्यावींत आणि तीं दुसऱ्या दिवशींच उघडावींत. पहिल्या दिवशीं तीं कुरकुरतील. चार रविवार गेल्यावर त्यांना काय दिसूं लागलें, तें त्यांनाच विचारावें.