छायाचित्रातील मर्यादा



शिरवळजवळ नीरेच्या पुलावर उभे राहून फोटो काढा. अलीकडे सातारा जिल्हा, पलीकडे पुणे जिल्हा. पण फोटोत ती हद्द कोठेच उमटत नाही. पाणी तेवढे दिसते. ही मर्यादा माणसांनी ठरविलेली.

प्रकाशाची मर्यादा निराळी. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या जागेत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. छिद्र मोठे असले की प्रतिमा पसरट होते. लहान केले की रेखीव, पण अंधुक. फारच बारीक केले तर प्रकाश पसरून ती पुन्हा बिघडते, हेही आता आपणास ठाऊक आहे. इथे हुज्जत चालत नाही.

माणसांनी घातलेल्या मर्यादेशी मात्र हुज्जत जरूर घालावी. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. नजर त्यांची, नाव दुसऱ्याचे! पुढे दिल्लीत १९४७ चे सत्तांतर त्यांनीच टिपले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पालकहो, आपली मुलगी कॅमेरा मागते तेव्हा आपण तिला कोणती मर्यादा सांगतो? प्रकाशाची, की ‘लोक काय म्हणतील’ याची?

मुलांनो, पुठ्ठ्याच्या खोक्याला सुईने छिद्र पाडा. समोरची बाजू कापून तेथे तेल लावलेला पातळ कागद चिकटवा. अंधाऱ्या खोलीत छिद्र मेणबत्तीकडे धरा. कागदावर ज्योत उलटी दिसेल. मग पेन्सिलीने छिद्र वाढवा आणि ज्योतीचे काय होते ते घरच्यांनाही दाखवा.