विमानाचा इतिहास आणि पैशाचा हिशोब

इतिहासकार म्हटलं की आपल्याला गडकिल्ले, बखरी, तहनामे आठवतात. आज बोलूया डेव्हिड एजर्टन यांच्याबद्दल. या माणसाने अख्खी कारकीर्द विमानं, विज्ञान आणि संरक्षण यांच्या इतिहासात घातली.

जन्म 1959 चा, उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओचा. शिक्षण ऑक्सफर्ड आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात. 1993 मध्ये त्यांनी इम्पिरियलमध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासाचं केंद्र उभं केलं. 2013 मध्ये ते केंद्र किंग्ज कॉलेजात गेलं.

ब्रिटनमध्ये तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती: आपले राज्यकर्ते साहित्य शिकलेले, त्यांना विज्ञानाचं वावडं, म्हणून देश मागे पडला. एजर्टन यांनी साधा प्रश्न विचारला. पैसा कुठे गेला ते बघितलंय का? 1991 च्या ‘इंग्लंड अँड द एरोप्लेन’मध्ये त्यांनी दाखवलं, की दोन महायुद्धांच्या मधल्या काळातही ब्रिटनचा विमान उद्योग जगातल्या मोठ्या उद्योगांपैकी एक होता. 2006 च्या ‘वॉरफेअर स्टेट’मध्ये ते पुढे गेले. ब्रिटन कल्याणकारी राज्य होतं, तसंच ते शस्त्रास्त्रं आणि शास्त्रज्ञ पोसणारं युद्धसज्ज राज्यही होतं.

आता तुम्ही म्हणाल, याने काय फरक पडतो? पडतो ना! ‘आपण विज्ञानावर खर्चच केला नाही’ असं मानलं, की उपाय एकच उरतो: आणखी पैसे द्या. पण खर्च आधीच होत होता हे कळलं, की प्रश्न बदलतो. कशावर झाला, कोणी ठरवलं, त्यातून लोकांना काय मिळालं? हे प्रश्न करदात्याचे आहेत.

त्याच वर्षी आलेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’मध्ये ते सांगतात, शोध कधी लागला एवढंच बघू नका, वस्तू वापरात किती काळ राहते तेही बघा. आपल्याकडचं उदाहरण मी देतो. मिग-21 हवाई दलात आलं 1963 मध्ये. पुढे ते नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनू लागलं. निवृत्त झालं 2025 मध्ये. फक्त ‘सुपरसॉनिक विमान आलं’ एवढंच लिहिलं, तर मधल्या 62 वर्षांतले मेकॅनिक, सुटे भाग, अपघात, दुरुस्त्या सगळं गळून जातं.

तेव्हा नव्या विमानाच्या खरेदीची बातमी आली, की वेग आणि किंमत वाचून थांबू नका. ते किती वर्षं वापरणार आणि सांभाळणार कोण, हेही शोधा. भेटू पुढच्या भागात!