घरातल्या थोरल्यांचे आयुष्य लिहून ठेवताना

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे आयुष्य लिहून काढण्याचे काम बहुधा दोन वेळी निघते : सहस्रचंद्रदर्शनाला किंवा वर्षश्राद्धाला. पुस्तिका छापायची ठरते, छायाचित्रे गोळा होतात आणि लिहायला बसलेला नातू अडतो. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही सतत हाच प्रश्न असतो : “आजोबा देवभक्त होते, खेळाचं वेड होतं, सगळ्यांवर माया करायचे. याच्यापुढं काय लिहायचं?” या तीन गोष्टी महाराष्ट्रातल्या हजारो आजोबांविषयी खऱ्या आहेत. त्यांतला आपला एक माणूस ओळखू यायचा असेल तर साल, ठिकाण आणि सोबतच्या माणसांची नावे लागतात, आणि ती बहुतेक वेळा कागदावरच सापडतात. त्यामुळे पहिली सूचना लेखणी हाती घेण्याच्याही आधीची आहे : जुने कागद रद्दीत घालू नयेत.

सुरुवात जन्मतारखेपासून करावी आणि तिथे फार सावध राहावे. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. शाळा जूनमध्ये भरत, पालकांना तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी अंदाजाने वय धरून १ जून लिहून टाकत. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तीच तारीख नोकरीत आणि निवृत्तिवेतनात गेली. खरी तारीख शोधायची तर जन्मपत्रिका पाहावी किंवा तहसील कचेरीतून कोतवाल बुकाचा, म्हणजे गाव नमुना चौदाचा, उतारा काढावा. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव आणि आधीची शाळाही मिळते. पत्रिकेत शक असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत मात्र ७९ मिळवावे लागतात. शके १८५२ च्या चैत्रातला जन्म १९३० मधला, त्याच शकाच्या माघातला १९३१ मधला. एवढी बेरीज न केल्याने कितीतरी पुस्तिकांत वय एका वर्षाने चुकलेले असते.

खेळाचा भाग लिहिताना क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधरांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. जन्म १४ जानेवारी १८९२, मृत्यू २४ ऑगस्ट १९९३, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राला रणजी करंडक. पन्नाशी उलटल्यावर एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके. घरात तारा, सुंदर आणि सुमन या मुली बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेत्या झाल्या. शंभरी ओलांडलेले हे आयुष्य आज कोणालाही मांडता येते, कारण धावफलक जपले गेले. ‘देवधरांना खेळाची फार आवड होती’ एवढ्यावर कोणी थांबत नाही.

गावच्या मैदानावर हुतूतू खेळलेल्या आजोबांचा धावफलक कोणी ठेवलेला नसतो. त्यांच्या खेळाचा पुरावा म्हणजे एखादे प्रशस्तिपत्र, तालीम मंडळाची पावती, ढालीसोबत काढलेले संघाचे छायाचित्र. नेमका हाच ऐवज तेरावा उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर, कपाट रिकामे करताना बाहेर पडतो आणि किलोच्या भावाने विकला जातो. भांडी वाटून घेताना चार दिवस चर्चा चालते. कागदांची पिशवी मात्र उघडूनही न पाहता दाराबाहेर जाते. मग वर्षाने त्याच घरातून पत्र येते की काही माहिती मिळत नाही, कशी लिहावी? हे वाचून राग येतो, आणि वाईटही वाटते. पिशवी उघडायला एक दुपार पुरली असती.

वरवर निरुपयोगी दिसणाऱ्या कागदांबद्दल रद्दीत न घालण्याची सूचना अधिकच लागू आहे. जुन्या शिधापत्रिकेवर एका वर्षी घरात किती माणसे जेवत होती हे कळते. पोस्टकार्डावरच्या शिक्क्यावरून आजोबा कोणत्या गावी नोकरीला होते हे ठरते. हिशेबाच्या वहीत आणे आणि पै असतील तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. छायाचित्रामागची नावे सर्वांत मोलाची. नावे नसतील तर ओळखणारे माणूस हयात असताना मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीने लिहून घ्यावीत. बॉलपेनाचा वळ पुढे उमटतो. कागद फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नये आणि जपण्याच्या हौसेने लॅमिनेशन तर मुळीच करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक मूळ कागदाला धक्का न लावता पुन्हा सुटत नाही. साधे कोरडे पाकीट आणि पत्र्याची पेटी पुरते. आणि पुन्हा एकदा : सगळे पाहून होईपर्यंत रद्दीवाल्याला बोलावू नये.

कागदानंतर बोलणे. माणूस हयात असेल तर त्याच्याशी, नसेल तर त्याच्या बरोबरीच्यांशी. ‘तुमच्या खेळाबद्दल सांगा’ असे विचारले तर ‘खेळायचो बाबा खूप’ एवढेच उत्तर मिळते. चढाई करायचात की पकड? कोपऱ्यात कोण असायचे? बाहेरगावी सामन्याला कशाने जायचात? अशा प्रश्नांवर ऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. आवड पुढे ऐकण्यातही टिकलेली असते : आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी समालोचन कोणाच्या ट्रान्झिस्टरवर, कोणाबरोबर बसून ऐकले, हेही विचारावे.

साल आठवत नसेल तर ताण देऊ नये. ओळखीच्या घटनेला बांधून घ्यावे. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, वाडेकरांच्या भारतीय क्रिकेट संघाचे वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमधले विजय १९७१ चे, सुकडी वाटली गेली तो दुष्काळ १९७२ चा. थोरली मुलगी पुराच्या आधीची की नंतरची, हे आजीला बिनचूक सांगता येते.

भक्तीचा भाग लिहिताना बहुतेक जण अभंग आणि श्लोक भरतात आणि माणूस मागे पडतो. वारकरी असेल तर माळ कोणत्या वर्षी, कोणाच्या हातून घातली, कोणत्या फडाशी घर बांधलेले होते, दिंडीचा क्रमांक काय, ती पालखीच्या रथापुढची की मागची, वीणा त्यांच्याकडे असे की टाळ, एवढे शोधावे. वारी चुकली असेल तर ती का चुकली हेही लिहावे. पेरणी, बाळंतपण, आजारपण या कारणांत भक्ती आणि संसार एकत्र दिसतात, आणि कुटुंबवत्सल या शब्दाची गरज उरत नाही. फडाच्या किंवा दिंडीच्या वह्यांत नाव सापडू शकते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांत तर यजमान घराण्यांच्या कित्येक पिढ्यांच्या नोंदी असतात, काही वेळा खुद्द पणजोबांच्या हस्ताक्षरात.

कुटुंबाचा वृत्तान्त लिहिताना सुनांची आणि मुलींची नावे वगळू नयेत. पूर्वीच्या वंशावळींत ती नाहीत म्हणून आजही नसावीत असे नाही. आजारपणाला दोन ओळी पुरतात. जमिनीचे वाद पुस्तिकेत आणू नयेत.

लेख पंधराशे शब्दांचा झाला तरी चालेल, प्रत्येक परिच्छेदात एखादे गाव, साल किंवा माणसाचे नाव हवे. छापण्यापूर्वी तो घरातल्या सर्वांत थोरल्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा. चुका तिथेच सापडतात. एक प्रत गावच्या वाचनालयाला, एक दिंडीला आणि एक तालीम मंडळाला द्यावी. जन्मतारखेबद्दल शेवटपर्यंत शंका राहिली तर दोन्ही तारखा छापाव्यात आणि कोणती कोणत्या कागदावरून घेतली ते खाली लिहावे.