फडकं कुणाच्या तोंडाला?



आज मी एका अमेरिकन पिक्चरवर बोलणार आहे. नाव 'फाइंड मी गिल्टी'. म्हणजे 'मला दोषी ठरवा'. साल 2006. दिग्दर्शक सिडने ल्युमेट. 1957 साली '12 अँग्री मेन' काढणारा तोच हा म्हातारा. कोर्ट, ज्युरी आणि पोलीस ह्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवणारा माणूस.

तुम्ही म्हणाल, इथं आपल्या पोरांवर केसेस पडल्यात, तारखांवर तारखा चालू आहेत, आणि हा गोऱ्या गुंडाचं काय सांगत बसलाय? सांगतो. कटघऱ्यात उभं राहिल्यावर तोंड कुणी उघडायचं, हा सवाल आपलाच आहे. आणि तो ह्या पिक्चरमध्ये पुरता भरलाय.

गोष्ट घडलेली आहे. न्यू जर्सीत लुकेसी टोळीच्या 20 जणांवर सरकारनं एकच दांडगा खटला भरला. 1970 साली तिकडं 'रिको' नावाचा कायदा झाला. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी केलेले गुन्हे एका दोरीत ओवायचे आणि म्हणायचं, ही सगळी मिळून एक टोळी. खटला 21 महिने चालला. वीस आरोपी, एकेकाला वकील, कागदांचे ढीग. ज्युरीतले लोक आपापली कामं सोडून रोज येऊन बसतायत. 26 ऑगस्ट 1988 ला निकाल लागला. ज्युरीनं 14 तास खल केला आणि सगळेच्या सगळे सुटले.

ह्या विसातला एक जॅकी डिनॉर्शिओ. विन डिझेल ह्या मारामारीच्या नटानं तो केलाय, आणि झकास केलाय. जॅकीला अमली पदार्थांच्या दुसऱ्या केसमध्ये आधीच 30 वर्षांची शिक्षा लागलेली. सरकारी वकील म्हणतो, आपल्या माणसांविरुद्ध साक्ष दे, शिक्षा कमी करतो. जॅकी म्हणतो, नाही. सख्ख्या नात्यातल्या पोरानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्याचंही नाव हा घेत नाही. मग तो वकिलालाही घरी पाठवतो आणि स्वतःच स्वतःचा वकील होऊन उभा राहतो. कायद्याचं पुस्तक उघडलेलं नाही. हातात फक्त जीभ.

आणि ती जीभ काय चालते! साक्षीदाराची तो उलटतपासणी घेतो ती चहाच्या टपरीवर गप्पा माराव्यात तशी. ज्युरी हसते. जज चिडतो, दम देतो, पण बोलू देतो. कोर्टातली बरीचशी भाषणं खटल्याच्या मूळ नोंदींतून उचललेली आहेत. म्हणजे हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही, माणूस तसाच बोलत होता. वकिलांच्या भाषेत मेलेली माणसं जॅकीच्या भाषेत जिवंत होतात. ज्युरीला वाटायला लागतं, हा आपल्या गल्लीतलाच कुणीतरी आहे. ज्याच्याबरोबर दीड-पावणेदोन वर्षं हसलो, त्याला जेलात धाडायला हात कचरतो.

इथवर मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू? काळ्या डगल्यांच्या जंगलात एक अडाणी माणूस आपल्या बोलीत बोलून सरकारला घाम फोडतो, हे बघून आपल्या माणसाला मजा येणारच.

पण दोस्तहो, टाळी वाजवून झाल्यावर जरा इकडंतिकडं बघा. त्या कोर्टात कोण नाही?

हे कोर्ट न्यूअर्क शहरातलं. 1980 च्या शिरगणतीत ह्या शहरात निम्म्याहून जास्त लोक काळे होते. 1967 साली ह्याच शहरात पोलिसांनी एका काळ्या टॅक्सीवाल्याला मारझोड केली, शहर पेटलं, 26 माणसं मेली. त्या शहराच्या छातीवर बसून हा खटला चालतो आणि त्या शहराचा आवाज पिक्चरमध्ये येत नाही. टोळीनं ज्याला लुटलं, ज्याच्या पोराच्या हातात पुडी दिली, तो माणूस कुठाय? जॅकीच्या विनोदाला हसायला तो शिल्लकच ठेवलेला नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला बाहेर ठेवलं की गुंड फार गोड दिसतो. आपल्याकडचे 'भाई' असेच गोड झाले. आपल्या वस्त्यांतल्या पोरांनी त्यांच्यासारखे केस कापले, आणि चाकू खाल्ले तेही त्याच पोरांनी.

दुसरी गोष्ट. पिक्चरमध्ये हा विजय जॅकीच्या जिभेचा आहे. पण पुढं टोळी सोडून सरकारला मिळालेल्या माणसांनी सांगितलं, की ज्युरीतला एक जण पैशानं फोडला होता. म्हणजे नुसतं हसू नव्हतं, मागून गल्लाही वाजत होता. निष्ठेची गोष्टही तशीच. ज्यांच्यासाठी जॅकीनं तोंड बंद ठेवलं, त्यांतला मोठा म्होरक्या त्याला जवळ उभा करत नाही. निकालानंतर बाकीचे घरी गेले, जॅकी परत जेलात. निष्ठा त्याची, सुटका त्यांची. चळवळीतल्या पोरांनी हे नीट बघून ठेवावं. नेत्यासाठी जेलात जाणं आणि विचारासाठी जेलात जाणं, ह्यात फरक आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपला वकील आपणच होण्याचा जो हक्क जॅकीला मिळाला, तोच हक्क त्याच्या सतरा वर्षं आधी एका माणसानं मागितला होता. त्याचं नाव बॉबी सील. ब्लॅक पँथर पार्टी ज्या दोघांनी 1966 साली ओकलंडमध्ये उभी केली, त्यातला एक. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी ज्यांच्यावरून नाव घेतलं, ते हे पँथर.

1969 साली शिकागोत आठ जणांवर दंगल भडकवण्याच्या कटाचा खटला चालला. सीलचा वकील इस्पितळात होता. सील म्हणाला, माझा वकील येईपर्यंत थांबा, नाहीतर मला माझी बाजू मांडू द्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कोर्टात हा हक्क 1789 पासून कायद्यात लिहिलेला होता. जज ज्युलियस हॉफमन म्हणाला, गप्प बस. सील उठला, पुन्हा म्हणाला, माझा हक्क. 29 ऑक्टोबर 1969 ला त्या जजनं भर कोर्टात त्याला खुर्चीला जखडलं आणि तोंडात बोळा कोंबला. काही दिवस खटला तसाच चालला. मग त्याला खटल्यातून वेगळं काढलं आणि कोर्टाच्या बेअदबीबद्दल 4 वर्षांची शिक्षा ठोकली. ती शिक्षा 1972 साली वरच्या कोर्टात उलटली. पण बोळा कोंबायचा तो कोंबून झाला होता.

दोघंही एकाच देशाच्या कोर्टात उभे होते. जॅकीनं विनोद केला, जज कपाळाला हात लावून बसला. सीलनं विनोद केला नाही, हक्क मागितला. त्याला साखळ्या. कुणी म्हणेल, मधल्या काळात कायदा सुधारला. 1975 साली तिकडच्या सुप्रीम कोर्टानं हा हक्क घटनेतलाच आहे असं सांगितलं, खरंय. पण कागदावर तो आधीही होता. फरक मागणाऱ्याच्या कातडीत होता, आणि मागण्याच्या सुरात होता. व्यवस्थेला विदूषक चालतो. तो गुंड असला तरी चालतो, कारण तो तिचं काही मोडत नाही, दोन घटका करमणूक करतो. ताठ मानेनं हक्क मागणारा मात्र तिला चालत नाही.

म्हणून मला जॅकीपेक्षा अफेनी शकूर मोठी वाटते. न्यूयॉर्कच्या 21 पँथरांवर 1969 साली बॉम्बस्फोटाच्या कटाचा आरोप ठेवला. जामीन माणशी एक लाख डॉलर. अफेनी पंचविशीच्या आतली, पोटुशी, वकिली न शिकलेली. तिनं स्वतःची केस स्वतः लढवली. पँथरांत घुसवलेल्या पोलिसाची उलटतपासणी तिनं घेतली. 13 मे 1971 ला, शेवटपर्यंत खटला चाललेले तेराही जण सगळ्या आरोपांतून सुटले. महिन्याभरानं तिला मुलगा झाला. तोच पुढं गाण्यानं जग हलवणारा तुपाक. अफेनीवर हॉलिवूडच्या म्हाताऱ्याला कोर्टाचा पिक्चर काढावासा वाटला नाही. गुंडावर वाटला.

आता आपल्याकडं. आपल्याकडं ज्युरी राहिलेली नाही. 1959 साली मुंबईत नानावटी खटल्यात नऊपैकी आठ जणांनी रुबाबदार नौदल अधिकाऱ्याला निर्दोष म्हटलं, हायकोर्टानं ते फिरवलं, आणि त्यानंतर ज्युरी हळूहळू गेलीच. म्हणजे हसवायचं तरी कुणाला? आपल्या कोर्टात आरोपीला हसवायला नाही, समजायलाही वाव नाही. पुकारा होतो, इंग्रजीत दोन वाक्यं होतात, पुढची तारीख पडते. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन माणसं कच्चे कैदी आहेत, निकाल न लागलेली. त्यात दलित पाचातला एक.

हे बघायचं असेल तर चैतन्य ताम्हाणेचा 2014 चा 'कोर्ट' बघा. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे आहे. नागपूरचे आपले कार्यकर्ते वीरा साथीदार ह्यांनी तो केला. 2021 साली ते गेले. गटारात उतरणारा कामगार मेला, तर म्हणे शाहिराच्या गाण्यामुळं त्यानं जीव दिला! गाण्याच्या मंचावर ज्याचा आवाज आभाळाला भिडतो, तो शाहीर कोर्टात जवळजवळ मुका. इथं फडकंसुद्धा लागत नाही. तारखाच तोंड बांधतात.

म्हणून सांगतो. जॅकीकडून एकच घ्या, आपल्या बोलीत न लाजता बोलणं. बाकीचं त्याचं त्याला ठेवू द्या. आपल्या पोराच्या तारखेला दहा जण जाऊन बसा. जजनं काय म्हटलं, वकील का आला नाही, साक्षीदार कोण होता, सगळं वहीत उतरवा. फुकट वकील मिळणं हा हक्क आहे, तो मागा. कलमं पाठ करा. बाबासाहेब बॅरिस्टर झाले ते काही कोर्टाला हसवायला नव्हे.

कोर्टात बोलायची पाळी आपल्यावर येणारच आहे. त्या दिवशी आपलं तोंड मोकळं पाहिजे आणि हातात वही पाहिजे.

जय भीम.