शेवंतीचा अंधार

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले मनोगत)



सेक्रेटरींनी मला बागेवर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. माझी सवय सगळ्यांना माहीत आहे, म्हणून घड्याळ समोर ठेवलंय!

आपल्या नाशिकचं एक जुनं नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलांचं शहर. थंडीत इथे फुललेली शेवंती पाहिली की ते नाव पटतं. माझी मुलगी परदेशात असते. तिच्याकडे बर्फातही हेलेबोर नावाचं फूल येतं. तिने फोटो पाठवला, तेव्हा मी म्हटलं, "बाई, आमची थंडीची राणी शेवंतीच!"

गेटजवळची आपली शेवंती बी विंगमधल्या काकूंनी लावली. पहिल्या वर्षी माहेरून एकच कुंडी आणली होती. आज काकू नाहीत, पण त्याच झाडाचे फुटवे पंचवीस वर्षं चालू आहेत.

आता एक कबुली. मी सेक्रेटरी असताना दोन सायकली चोरीला गेल्या, म्हणून वाफ्याशेजारी मोठा हॅलोजन बसवला. त्या वर्षी मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले, तरी वाफ्यात कळी नाही. नुसता हिरवागार पाला. मी भर मीटिंगमध्ये माळीनानांना बोललो, "लक्ष नाही तुमचं." नाना गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी मला वॉचमनच्या केबिनमागे घेऊन गेले. तिथल्या तीन कुंड्या फुलांनी लदलेल्या! नाना म्हणाले, "साहेब, खत तेच, पाणी तेच. इथं फक्त तुमचा दिवा पोचत नाही."

मग मी वाचलं. शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग अंधारी रात्र लागते. रात्रभर उजेड राहिला, तर झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे. आम्ही दिव्याला पत्र्याची टोपी केली आणि उजेड गेटकडे वळवला. पुढच्या वर्षी वाफा पिवळाधमक झाला. पण नानांना मी मीटिंगमध्ये बोललो होतो आणि माफी मागितली ती जिन्यात, कोणी नसताना. आज सर्वांसमोर मागतो. नाना, चूक माझी होती.

आता नानांनी शिकवलेलं थोडक्यात. फुलं संपली की झाड वीतभर ठेवून छाटा. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून जपा, ते जगलं तरच पुढचं वर्ष. जून-जुलैत बुंध्याजवळचे फुटवे मुळांसकट वेगळे करून लावा. महिन्याभराने शेंडा खुडा, म्हणजे फांद्या वाढतात; पण ऑगस्टनंतर खुडू नका, कळ्या जातील. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढा. पाणी साचलं की मुळं कुजतात. थंडीत शेंड्यावर मावा दिसला, तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा. आणि कुंडी बाल्कनीत असेल, तर रात्री तिथला दिवा बंद ठेवा. वीजबिलही वाचेल!

येत्या जूनमध्ये नाना प्रत्येक फ्लॅटला एक फुटवा देणार आहेत. रिकामी कुंडी घेऊन खाली या. काकूंची शेवंती आता घरोघर जाऊ दे. एका वाफ्यात असलेलं झाड एका चुकीने संपू शकतं, हे मी पाहिलंय.