शंखी गोगलगायीची शरीररचना

२०२२ च्या खरिपात लातूर-नांदेडच्या काही भागांत कोवळं सोयाबीन फस्त करणारी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्यात आणली गेली. कुळ अकॅटिनिडी. शिंपल्यांसारखीच मृदुकाय, पण कल्ल्यांऐवजी फुप्फुसानं श्वास घेणारी. शिंगांच्या दोन जोड्या, लांब जोडीच्या टोकाला डोळे. पानं खरवडते ती तिची हजारो सूक्ष्म दातांची, कानशीसारखी जीभ. प्रत्येक गोगलगाय नरही असते, मादीही. त्यामुळेच ती एवढी झपाट्यानं वाढते. उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून मातीत निपचित पडते, पाऊस होताच बाहेर येते. तेव्हाच गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर अंथरा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा.